मुसळ कोण उचलतं

आमच्या घरात मीटर नव्हता. कल्याण पूर्वेच्या एका चाळीत शेवटची खोली आमची, आणि शेजारच्या खोलीतून एक वायर घेतलेली. ती वायर शेजारच्या बाईच्या मर्जीवर चालायची. तिने भिंतीवर लाटणं आपटलं की आम्ही पंखा बंद करायचा. पुन्हा आपटलं की दिवासुद्धा. मग आम्ही सगळे दारात येऊन बसायचो. पप्पा म्हणायचे, "वारा बघ, त्याला वायर लागत नाही." हसू यायचं, पण वारा काही यायचा नाही.

पप्पा कोलशेतला एका कंपनीत होते. ती बंद पडली. एके दिवशी गेटला कुलूप, आणि आत जाणारे सगळे बाहेर. कंपनी परत चालू होणार अशी आवई कुणीतरी रोज उठवायचं, म्हणून पप्पा रोज डबा घेऊन निघायचे, गेटसमोर बसून तो खायचे आणि रिकामा डबा घेऊन परत यायचे. आईला हे माहीत होतं. तरी ती डबा भरून द्यायची. पुढे त्यांनी तो नाद सोडला आणि मिळेल ते हमालीचं काम धरलं. त्यात पाठ गेली. पाठ गेल्यावर घर आईच्या खांद्यावर आलं. हे मी शब्दशः लिहितेय, कारण आई मसाला कांडायची.

कांडणं म्हणजे उखळात मिरची-धणे घालून मुसळाने कुटणं. लोकांना वाटतं ही गोष्ट कधीच संपली. आमच्याकडे नव्हती संपली. डोंबिवलीत जुनी जुनी घरं होती, तिथल्या काकूंना गिरणीतला मसाला चालायचा नाही. "गिरणीत तो भाजतो गं, रंग काळपट होतो," असं त्या म्हणायच्या. शिवाय तेव्हा लोडशेडिंग होतं. मुंबईला ते कधी माहीतच नव्हतं, पण आमच्या कल्याण-डोंबिवलीला पुरेपूर माहीत होतं. ऐन उन्हाळ्यात, मसाल्याच्या हंगामात, तासन्‌तास लाइट नाही. कांडपाची मशीनं गप्प, बाहेर डबे घेऊन बायका उभ्या. आईचे हात मात्र चालू असायचे.

उन्हाळाभर त्या हातांत मिरची मुरलेली असायची. कितीही धुतले, खोबरेल चोळलं, गूळ चोळला, तरी आग जायची नाही. त्या हातांनी ती मला हात लावायची नाही. उन्हाळ्यात आई मला कुरवाळायची ती कोपराने. मला बरीच वर्षं वाटायचं, सगळ्याच आया तसंच करतात.

कांडायला जोडी लागते. एक उखळ, समोरासमोर दोघी, दोन मुसळं. एकीचं वर, तेव्हा दुसरीचं खाली. आईची जोडीदारीण आमच्याच चाळीत राहायची. मी तिला मावशी म्हणायचे. आईपेक्षा मोठी, बोलायला चटपटीत, कुठल्याही दारात उभी राहिली की आतून पाणी विचारलं जाईल अशी. आई तिला ताई म्हणायची. डोंबिवलीतली सगळी घरं मावशीच्या ओळखीची. आई मुळात अबोल.

आम्ही बौद्ध. मावशी आमच्यातली नव्हती. चाळीत त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, निदान तोंडावर तरी नाही. पण डोंबिवलीतली काही घरं उखळाला हात लावू देण्याआधी आडनाव विचारायची. विचारायची पद्धत गोड असायची, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" अशी. पहिल्याच घरी असा प्रश्न आला तेव्हा आईने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "अहो, माझी बहीणच आहे ती. चुलत." विषय संपला.

घरी येताना आई म्हणाली, "ताई, खोटं कशाला बोललीस?"

"खोटं कुठलं? बहीण नाहीयेस का तू माझी?"

त्या दिवसापासून दिवाळीला मावशीकडून आलेला फराळ आई सगळ्यात आधी खायची, आणि मावशीला ताप आला की रात्रीचा स्वयंपाक दोन्ही घरचा करायची. गिऱ्हाइकासाठी जोडलेलं नातं तिने खरं धरलं. आमच्यासारख्या माणसांची ही एक चूकच असते. कुणी जवळ घेतलं की आम्ही कारण विचारत नाही.

मीही धरलं. मावशी माझ्या केसांना तेल लावायची, कारण आईच्या हातांना मिरची. "माझी इंजिनीअरीण" म्हणायची मला. शाळेत पहिला नंबर आला तेव्हा चाळभर तिनेच सांगितलं.

आठवी-नववीत सुट्टीच्या दिवसांत मीही त्यांच्याबरोबर जायचे, देठ खुडायला आणि चाळायला. तिथे बसल्या बसल्या मला एक गोष्ट दिसली. आई मुसळ कपाळापर्यंत उचलायची आणि सोडून द्यायची. मावशी ते जेमतेम छातीपर्यंत न्यायची. ती बोलत असायची ना सतत. घरातल्या काकूंशी, त्यांच्या सुनेशी, मांजराशीसुद्धा. बोलता बोलता तिचं मुसळ नुसतं ताल धरायचं. बाहेरून ऐकणाऱ्याला दोघी सारख्याच कांडतायत असं वाटावं. मी घरी येऊन ते आईला म्हणाले, तर ती हसली. "अगं, तालाचीपण गरज असते. ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळतं."

मला शिकवलंही तिने. "खाली ढकलायचं नाही. खांदा जातो. उचलायचं नि सोडायचं. पडायचं काम त्याचं तो करतो."

नववीत विज्ञानाच्या तासाला सरांनी ऊर्जेचा धडा घेतला. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, ती फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. फळ्यावर धरण काढलं, पाणी काढलं, टर्बाइन काढलं, शेवटी एक बल्ब. मग विचारलं, "अजून एक उदाहरण सांगा. पुस्तकातलं नको."

मी हात वर केला. "मुसळ, सर."

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "ए मसालेवाली!"

सर हसले नाहीत. "सांग. मुसळ खाली येतं तेव्हा ताकद कोण लावतं?"

"कुणीच नाही सर. ते आपलं आपण पडतं. ताकद उचलताना लागते. उचलताना आपली ताकद त्याच्यात जाते नि पडताना बाहेर येते. मिरची फुटते, आवाज होतो, उखळ गरम होतं."

सरांनी फळ्यावरचं धरण पुसलं आणि तिथे उखळ काढलं. वाकडंच काढलं, पण काढलं. वर उचललेल्या मुसळाशेजारी लिहिलं, स्थितिज ऊर्जा. पडणाऱ्या मुसळाशेजारी, गतिज ऊर्जा. खाली उखळाशी, ध्वनी आणि उष्णता. आईचं काम मी पहिल्यांदा फळ्यावर बघितलं. त्या दिवशी मी ठरवलं की हाच विषय शिकायचा. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं.

तास संपल्यावर मी सरांना विचारलं, "ऊर्जा नष्ट होत नाही, तर मग आई संध्याकाळी दमते ती का? गेलेली ताकद असते कुठे?"

ते म्हणाले, "असते. पण पसरलेली असते. थोडी मिरचीत, थोडी उखळात, थोडी हवेत. उष्णता झाली की ती सगळीकडे पसरते, मग कुणालाच गोळा करता येत नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

मी दहावीत असताना चाळीतल्या बायकांचा बचत गट झाला. मावशी अध्यक्ष, कारण बोलायला तीच पुढे. गटासाठी एका योजनेतून कांडपाचं मशीन मंजूर झालं. लोक त्याला डंका म्हणतात. मंजुरीला आलेल्या माणसांनी विचारलं की कांडपाची माहिती कुणाला आहे, तेव्हा मावशीने आईला पुढे केलं. आईने त्यांना मसाल्यातली एकेक वस्तू कधी टाकायची, किती कुटायची, ते सगळं सांगितलं. उन्हाळ्याच्या तोंडावर मशीन आलं.

डंका म्हणजे लोखंडाची तीन मुसळं, रांगेत उभी. वर एक दांडा फिरतो, त्याला कानासारखे तुकडे बसवलेले. तो कान येतो, मुसळाला वर उचलतो आणि सोडून देतो. बस. मी ते बघितलं तेव्हा नाचायचीच बाकी राहिले. मशीनसुद्धा मुसळ खाली ढकलत नव्हतं! विजेने मोटार फिरते, मोटारीने दांडा फिरतो, दांडा मुसळ उचलतो, आणि पडायचं काम मुसळ स्वतः करतं. अगदी आईसारखं. मी मोठ्याने म्हणाले, "आई, हे तुझंच शिकलंय."

मशीन ठेवलं मावशीच्या दिराच्या गाळ्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. "आपल्याकडे जागा कुठाय? नि गाळा काय, घरचाच," मावशी म्हणाली. पहिल्या दिवशी तिने हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आई बाजूला उभी होती, नवी साडी नेसून. मावशीने बटण दाबलं. मग आईला म्हणाली, "आता आपल्या दोघींचं मशीन गं. उद्या तू दाब."

तो उद्या आला नाही. आईने हात पुढे केला की मावशी म्हणायची, "राहू दे, तुला शॉकबिक बसेल." मग म्हणायची, "तू आतलं बघ, तुझ्याइतकं निवडणं कुणाला जमतं?" हळूहळू आई गाळ्याच्या मागच्या भागात गेली. तिथे बसून देठ खुडायचे, धणे निवडायचे, दगडफूल साफ करायचं, खडा मसाला भाजायचा. धुराने डोळे जायचे. मशीनमध्ये काय आधी टाकायचं, किती वेळ ठेवायचं, कधी काढून चाळायचं, ते आतून ओरडून सांगायची आई. पुढे हातात डबा देऊन "या हं परत" म्हणायची मावशी. लोडशेडिंगही तोवर कमी झालं होतं. आता वीज होती, मशीन होतं. डोंबिवलीच्या काकू रिक्षा करून गाळ्यावर यायच्या.

मी आईला म्हणायचे, "तू पुढे का नाही बसत?"

"काय फरक पडतो? मशीन आपल्या दोघींचंच आहे ना."

बारावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात मी आईचा डबा घेऊन गाळ्यावर गेलेले. गर्दी होती. डोंबिवलीच्या एक काकू स्टुलावर बसलेल्या. त्यांच्या घरी आई आणि मावशी बरीच वर्षं जायच्या, मीही देठ खुडायला गेलेले. तेवढ्यात भाजलेल्या मिरच्यांची परात घेऊन आई बाहेर आली. काकूंनी तिला ओळखलं आणि चेहरा खुलला त्यांचा.

"अगं, तू हिची बहीण ना! कुठे असतेस? तुझ्या हातच्या गोड्या मसाल्याची चव नाही हो परत मिळाली."

आई लाजून हसली. बोलणार होतीच काहीतरी.

मावशी डंक्याच्या आवाजावरून म्हणाली, "बहीण कसली हो काकू! कामाला आहे ती. आमच्यातली नाही."

हे ती का बोलली, ते मी आजवर शोधतेय. रागाने नाही बोलली. सहज बोलली, धण्यातला खडा बाजूला करावा तसं. कदाचित काकूंनी आईच्या हातच्या चवीचं नाव काढलं ते तिला लागलं. कदाचित आता मशीन होतं, जोडीची गरज नव्हती, म्हणून बहिणीचीही नव्हती.

काकूंनी आईकडे बघितलं, परातीकडे बघितलं, स्वतःच्या डब्याकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात, सभ्यपणे, मावशीला विचारलं, "पण आता सगळं मशीनच करतं ना?"

"हो हो, मशीनच," मावशी म्हणाली. "हिचा हात लागत नाही."

डंका चालूच होता. तिन्ही मुसळं एकामागून एक वर जात होती, पडत होती. आईने परात खाली ठेवली. नाकावर बांधलेला पदर सोडला. बादलीत हात धुतले, नीट, कोपरापर्यंत. मग मला म्हणाली, "चल." मी आणलेला डबा न उघडताच आम्ही परत नेला.

रस्त्यात मी भडाभडा बोलत होते. "तू काही बोलली का नाहीस? मी बोलू का जाऊन? आत्ता जाते." आईने माझा दंड धरला. त्या मिरचीच्या हाताने. कुडत्याच्या बाहीखाली माझी कातडी चुणचुणत राहिली.

"काय बोलणार? आपणच खोटं चालवून घेतलं. पहिल्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं."

"खोटं तिचं होतं, आई. तू खरं धरलंस, एवढंच तुझं."

घरी पप्पांना सगळं सांगितलं. ते तेव्हा माजिवड्याला एका टॉवरवर वॉचमन होते, ड्यूटीवरून येऊन आडवे पडलेले. पाठीला हात लावत उठून बसले. मग म्हणाले, "कंपनीनेपण मला असंच बाहेर काढलं. पण कंपनीला मी कधी ताई म्हणालो नव्हतो."

मशीन गटाचं होतं आणि गटात आईही होती, म्हणून मी दाद मागायला गेले. गटातल्या बाकीच्या बायका मावशीच्या नात्यातल्या नाहीतर तिच्या शब्दातल्या. एकीने मला पाणी दिलं आणि समजावलं, "अगं, कशाला एवढं मनाला लावून घेतेस? तिने शिवी थोडीच दिली?" खरंच, शिवी नव्हती ती. शिवी असती तर परत देता आली असती. मीटिंगा आईवाचून होऊ लागल्या, आणि एके दिवशी कळलं की आईच्या जागी मावशीची जाऊ घेतलीय. योजनेच्या माणसांना मी भेटले. ते म्हणाले, गटाचा अंतर्गत मामला आहे.

मावशीचं घर आमच्या ओळीतच. रोज समोर यायची. पहिले काही दिवस "काय गं पोरी" म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. मग तिनेही सोडलं. माझ्या केसांना तेल लावणारे हात होते ते. त्याचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी आमच्या दारात आली. मी बीएस्सीला प्रवेश घेतलेला, फिजिक्स. आई घरीच पापड लाटत होती. मावशीच्या हातात एक डबा.

"वास घे बघू," तिने आईपुढे डबा धरला.

आईने वास घेतला नाही. नुसतं झाकण काढून रंग बघितला. "करपलाय."

"करपला कसा? भाजायला तर तुझ्याचसारखं भाजलं. गिऱ्हाईक परत आणून देतंय."

गर्दी उरकेना म्हणून मावशीने डंक्याशेजारी चक्की बसवली होती. झर्रकन दळून द्यायची आणि गरमागरम मसाला तसाच डब्यात भरून झाकण लावायची. मला राहवलं नाही.

"मावशी, डंक्यात मिरची फुटते. चक्कीत ती घासली जाते. घासलं की उष्णता होते. तुझी वीज मिरची बारीक करण्यात कमी आणि मिरची तापवण्यात जास्त जातेय. वास उडून जातोय तिचा. नि वर गरम असतानाच झाकण लावलंस की आत घाम सुटतो."

"तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव," मावशी म्हणाली, पण आवाजात धार नव्हती. आईकडे वळली. "चल ना गं. झालं गेलं सोड. सगळे तुलाच विचारतात. तू ये, मशीनवर बस, मी काही बोलणार नाही."

आईने लाटणं खाली ठेवलं. मला वाटलं ही जाते आता. घराला गरज होती, माझं कॉलेज होतं, पप्पांची पाठ होती.

"येते," आई म्हणाली. "पण एक कर ताई. त्या डोंबिवलीच्या काकू येतील तेव्हा त्यांच्यासमोर म्हण, ह्या मसाल्याला हिचा हात लागलाय. बहीण नको म्हणूस. ते नकोच. हात लागलाय, एवढंच म्हण."

मावशी डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. माणूस वाईट नव्हती ती, हे मी आजही लिहीन. पण ती म्हणाली, "अगं बाई, तेवढं सोडून काहीही माग."

"मग राहू दे," आई म्हणाली आणि पुढचा पापड घेतला.

मावशी गेली. डबा विसरून गेली. आईने तो मसाला फेकला नाही. अन्न होतं. घरातल्या भाजीला तो महिनाभर वापरला, आणि महिनाभर आमची भाजी करपट लागली.

सरांचं ते वाक्य मला तेव्हा परत आठवलं. पसरलेली उष्णता गोळा करता येत नाही. आईने त्या घरांत, त्या उखळांत, मावशीच्या शेजारी जी ताकद ओतली, ती कुठे नष्ट झालेली नव्हती. डोंबिवलीतल्या बरण्यांत होती, काकूंच्या जिभेवर होती, मावशीच्या गाळ्यात होती. आमच्या घरात मात्र नव्हती. लोकांना मुसळ पडताना दिसतं. आवाजही पडण्याचाच होतो. उचलण्याला आवाज नसतो, म्हणून उचलणारी कुणाला आठवत नाही.

मी शिकले. हे मी नम्रपणे सांगणार नाही, कारण त्यात नम्र होण्यासारखं काही नव्हतं. मराठी शाळेतून इंग्रजी फिजिक्समध्ये गेले, पहिल्या सेमिस्टरला आपटले, दुसऱ्याला उभी राहिले. आई उन्हाळ्यात चाळीतल्या आणि आसपासच्या घरांत मावशीवाचून कांडायची. जोडीला मी. आम्ही दोघी समोरासमोर, एक उखळ, दोन मुसळं. जिथे आडनाव विचारलं तिथे आई आता आडनाव सांगायची. काही घरं गेली. काही राहिली. मला पहिल्यांदा कळलं की कपाळापर्यंत उचलणं काय असतं. संध्याकाळी पेन धरलं की बोटं थरथरायची.

पदवी झाल्यावर ठाण्याला एका कंपनीत लागले. तिथे इलेक्ट्रिक मोटारी तपासतात. किती वीज आत गेली, त्यातली किती फिरण्यात आली आणि किती नुसती तापण्यात गेली, हे बघायचं माझं काम. मोटारीवर हात ठेवला तरी मला अंदाज येतो. आमच्या सेक्शनला एकजण म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कसं कळतं?" मी म्हणाले, "गरम डब्याला झाकण लावलेलं बघितलंय मी."

शीळफाट्याला एक जुनं कांडप बंद होत होतं, तिथला डंका आम्ही विकत घेतला आणि कल्याणला एका गाळ्यात उचलून आणला. टेम्पोत पप्पा पुढे बसले, पाठीला उशी लावून. ड्रायव्हरला सारखे सांगत होते, "हळू रे बाबा, खड्डा बघ." मशीन गंजलेलं होतं, मोटार तर जळकीच. मोटार मी निवडली. पुली बदलून दांड्याचा वेग कमी केला, मुसळ पूर्ण पडून मगच पुन्हा उचललं जाईल असा. लोखंडी उखळ तापायला लागलं की थांबायचं, मसाला सुती चादरीवर पसरायचा, गार होऊ द्यायचा, मगच भरायचा. मसाला घ्यायला वेळ लागतो आमच्याकडे. गिऱ्हाईक कुरकुरतं. "काय हो, केवढा वेळ?" आई म्हणते, "घाई असेल तर पुढे चक्की आहे."

पाटी लावायची वेळ आली तेव्हा पेंटरने विचारलं, देवाचं नाव टाकू की मुलीचं? मी म्हणाले, आईचं. पूर्ण, आडनावासकट. आई म्हणाली, "अगं, कशाला? गिऱ्हाईक जाईल." मी म्हणाले, "जाऊ दे." पप्पा म्हणाले, "मोठ्या अक्षरात लिही रे, मला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

काही गिऱ्हाइकं पाटी वाचून खरंच पुढे जातात. थांबतात, वाचतात, मोबाइल काढून काहीतरी बघितल्यासारखं करतात आणि जातात. मी सुट्टीच्या दिवशी गाळ्यावर असते, मला दिसतं. डोंबिवलीच्या त्या काकू कधी आल्या नाहीत. मावशीचा गाळा अजून आहे, चक्की जोरात चालते. मागे ती आमच्यासमोरून गेली. पाटीकडे बघितलं तिने, मान खाली घालून पुढे गेली. आईने तिला हाक मारली नाही. पण ती वळेपर्यंत आई बघत होती, ते मी बघितलं. कुणी नवी बाई आईला "ताई" म्हणाली की आई अजूनही जरा बिचकते. ते काही भरून निघालेलं नाही, आणि निघेल असं मी कुणाला सांगणारही नाही.

जे झालं ते एवढं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. घरात आमच्या स्वतःच्या नावाचा मीटर आहे. गाळा भाड्याचा आहे, पण डंका आमचा आहे, आणि रोज सकाळी त्याचं बटण माझी आई दाबते.